बेचाळीस अंशांचं पाणी

तिला सगळे पारा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. पारा हे नाव पडायला कारणं दोन. कोपर पाण्यात बुडवून ती पाणी किती अंशांवर आहे ते सांगायची, आणि मागाहून पितळी तापमापक सोडला की तोही निमूटपणे तेवढंच दाखवायचा. दुसरं कारण तिच्या तोंडावर कुणी बोलत नसे. ते तिलाही ठाऊक होतं.

सव्वीस वर्षं ती गरम झऱ्याच्या स्नानगृहात कामाला होती. डोंगराच्या पोटातून पाणी यायचं ते अठ्ठावन्न अंशांचं, हात घातला तर साल निघेल असं. दोन चाव्या फिरवून त्यात गार पाणी मिसळायचं आणि तीन कुंडांत सोडायचं. पहिलं छत्तीसचं, दुसरं अडतीसचं, तिसरं चाळीसचं. तिसऱ्यात उतरायला डॉक्टरांची चिठ्ठी लागे. आखडलेल्या गुडघ्यांची, धरलेल्या कमरेची माणसं कठडा धरून एकेक पायरी उतरायची आणि पाण्यात बसली की तोंडातून असा काही 'हुश्श' निघायचा की ऐकणाऱ्याचीही हाडं सैल व्हावीत. दारातच डॉक्टरांची खोली होती. रक्तदाब मोजल्याशिवाय आत कुणी जात नसे, मग तो कितीही मोठा माणूस असो. कुंडात बारा मिनिटं. भिंतीवर परातीएवढं घड्याळ होतं. वेळ भरली की पारा टाळी वाजवायची, "उठा आता, शिजायचं नाहीये!" मग बाहेर बाकावर टॉवेल गुंडाळून दहा मिनिटं बसायचं, पेलाभर पाणी प्यायचं आणि मगच कपडे.

दीड वर्षापूर्वी एका कंपनीने हे सगळं चालवायला घेतलं. बाहेर पाटी आली, आरोग्य आणि तजेल्याची. डॉक्टरांच्या खोलीत सुगंधी तेलांचं दुकान बसलं. मोबाइल बाहेर ठेवायचा नियम झाला आणि त्याच आठवड्यात भिंतीवरचं घड्याळही उतरलं. "पाहुण्यांना वेळेचा विसर पडायला हवा," नव्या मॅनेजरने समजावलं. हा मॅनेजर फार गोड बोलायचा आणि येण्याआधी त्याचा वास यायचा, म्हणून कपडे धुणाऱ्या बायकांनी त्याचं नाव गुलाबपाणी ठेवलं होतं.

"विसर पडला तर माणूस पण पडेल," पारा म्हणाली.

तो हसला. "मावशी, तुमचं बोलणं म्हणजे ना!"

तिला हसू आलं नव्हतं. मग एक दिवस हुकूम आला की मधलं कुंड बेचाळीसवर ठेवा. पाहुणे तक्रार करतात, कोमट पाण्यात बसायला एवढ्या लांब आलो का म्हणून.

"साहेब, बेचाळीसमध्ये धडधाकट माणसालाही भोवळ येते. इथे येतात ती दुखणाईत माणसं."

"आता दुखणाईत येत नाहीत, मावशी. पाहुणे येतात."

"गुडघे तेच आहेत ना?"

त्याने खांद्यावर हात ठेवला, म्हणजे विषय संपला. पाराने चाव्या फिरवल्या. घरी येऊन तिने भांडी अशी घासली की लेक म्हणाली, "आई, कढईला भोक पडेल."

लेक तिथेच दारातल्या काउंटरवर होती. अठ्ठावीस वर्षांची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, बोलायला चटपटीत, कंपनीच्या निळ्या जाकिटात रुबाबदार दिसायची. येणाऱ्याचं नाव ती टॅबलेटवर भरून घ्यायची. शेवटी एक चौकोन असायचा, 'मला रक्तदाब, हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास नाही.' पूर्वी जिथे डॉक्टर बसायचा तिथे आता एवढा एक चौकोन होता. दोघी मायलेकी स्नानगृहाच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. खालच्या यंत्रांनी जमीन दिवसभर थरथरायची.

त्या गुरुवारी दुपारी एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्याची बायको आली. मुलांनी दोघांना भेट म्हणून पाठवलं होतं. माणूस अडुसष्टचा, पोट सुटलेलं, गुडघे धनुष्यासारखे बाहेर वळलेले, आणि तोंडाला विश्रांती नाही.

"ताई, तीस वर्षं इंजिनाला मांडी लावून बसलोय. मला गरमीचं काय सांगता?"

"इंजिन तुमच्या मांडीखाली होतं दादा, तुम्ही इंजिनात नव्हता. दहा मिनिटं. त्यावर एक सेकंद नाही."

"हिच्यापेक्षा कडक आहात हो!" त्याने बायकोकडे पाहून डोळा मारला. बायको मधल्या कुंडाच्या काठावर अंगरख्यात बसली होती. तिला पाण्यात उतरायचं नव्हतं, पाय तेवढे तिने सोडले होते.

तेवढ्यात गुलाबपाणी आला. सोबत कॅमेरेवाली होती. जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते आणि 'जुनी, अस्सल सेविका' हवी होती.

"साहेब, इथे माणूस पाण्यात आहे."

"पाच मिनिटं, मावशी. मी लक्ष ठेवायला कुणाला तरी पाठवतो."

पारा जागची हलेना. मग त्याने आवाज खाली आणला आणि ती गोडी पार उतरली. "प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचं असेल तर घरी बसा. तुमच्या जागी यायला रांग लागलीय."

ती वाकली आणि ड्रायव्हरच्या बायकोला म्हणाली, "काकू, दहा मिनिटांनी यांना बाहेर काढा. ऐकलं नाही तर मला हाक मारा."

"मी घड्याळ नाही घातलं हो," बाई म्हणाली. "बाहेरच ठेवायला सांगितलं."

"मग अंदाजाने," पारा म्हणाली आणि गेली. हे एक वाक्य पुढे तिने स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

पलीकडच्या दालनात तिला पांढरं लुगडंवजा काहीतरी गुंडाळायला दिलं, हातात तांब्याचा घडा. एका पोरगेल्या मॉडेलच्या खांद्यावर पाणी ओतायचं होतं. पुन्हा ओता. हळू ओता. हसा ना मावशी, डोळ्यांनी हसा. पाच मिनिटांची वीस झाली. "मला जाऊ द्या," ती दोनदा म्हणाली. "शेवटचा एक," कॅमेरेवाली दोनदा म्हणाली. आणि मग भिंतीपलीकडून किंकाळी आली.

लक्ष ठेवायला कुणीही आलेलं नव्हतं. ड्रायव्हर उठून उभा राहिला होता, पायरी चढताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो आडवा कोसळला. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं होतं आणि आता तो तोंडघशी पाण्यात होता. त्याची बायको कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्याचा दंड ओढत होती, पण ते धूड तिला हलत नव्हतं. पाराने अंगावरच्या त्या गुंडाळ्यासकट उडी टाकली. काखेत हात घालून तिने त्याचं तोंड वर केलं, पायरीला पाय टेकवला आणि दात-ओठ खात त्याला काठावर घेतलं. कुशीवर वळवून पाठीत बुक्के घातले. पाणी आलं, खोकला आला, मग श्वास लागला. एक पाय विचित्र वळला होता.

गुलाबपाणी दारात येऊन उभा राहिला. पहिलं वाक्य तो काय बोलला असेल? "मागच्या दाराने न्या यांना. पुढे पाहुणे आहेत."

"पुढचं दार जवळ आहे!" पारा अशी ओरडली की सुगंधी तेलांच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "पुढच्याच दाराने जाईल तो. आणि ते गाणं बंद करा आधी!" छतातून बासरी चालूच होती. कुणाचं तरी धाडस झालं आणि ती बंद पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. पारा सावकाश वाचायची, बोट ओळीखाली सरकवत. 'मी कुंडाजवळ हजर होते. सदर पाहुण्यांना मी तीन वेळा बाहेर येण्याची सूचना केली. त्यांनी ती ऐकली नाही आणि ते माझ्याशी उद्धटपणे बोलले.'

"मी हजर नव्हते. तुम्ही मला नेलं होतं."

"मावशी, कागद कागद असतो. विमेवाल्यांना द्यायचाय."

"तो माणूस उद्धट नव्हता. तो थट्टा करत होता."

"सही करा."

"नाही."

गुलाबपाण्याने खुर्ची मागे सरकवली. "त्या माणसाने काउंटरवर सांगितलं होतं की तो रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. तरी चौकोनात खूण झाली. कुणी केली, माहितेय? आणि हा कागद कुणी टाइप केला, तेही विचारा घरी. तुम्ही खरं बोलायला लागलात तर पहिली मान कुणाची जाईल, याचा विचार करा."

जिन्याच्या बारा पायऱ्या चढेपर्यंत पाराच्या डोक्यात जाळ पेटला होता. लेक खिडकीपाशी जाकिटाला इस्त्री करत होती.

"त्याने तुला गोळ्यांचं सांगितलं होतं?"

लेकीने इस्त्री उभी ठेवली. "आई—"

"हो की नाही?"

"सांगितलं होतं."

"आणि तू खूण केलीस."

"सगळ्यांच्याच करते! म्हाताऱ्यांना ते वाचता येत नाही, रांग अडते, साहेब म्हणाले की तूच खूण करत जा. मेसेज आहे त्यांचा. नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी हे जाकीट काढून घेतलं असतं."

"म्हणून माणूस मारायचा?"

"मी मारला? मी? मी दारात होते! कुंडाशी कोण होतं? घडा घेऊन हसत कोण होतं?"

पाराचा हात उठला. तो हवेतच राहिला, कारण लेक मागे सरली नाही. तशीच उभी राहिली, बापासारखी हनुवटी वर करून. पाराने तो हात मग जाकिटावर उतरवला. ते ओढून घेतलं, चोळामोळा केला आणि कोपऱ्यात भिरकावलं.

"गेले मी," ती म्हणाली. "गेले, हे खरं आहे. त्याने नोकरीचं नाव काढलं आणि माझे पाय आपसूक चालायला लागले. आणि तुझं बोट. त्याला आपण दोघी पुरलो बघ. हात घाण होतात ते आपलेच."

"मग काय करणारेस?"

"खरं सांगणार."

"छान. तू खरं सांगून मोकळी. आणि मी? या वयात, एकटी, दुसरी नोकरी शोधताना विचारतील ना, आधीची का गेली? तुझ्या खऱ्याने माझं वाटोळं होईल, आई."

खालची यंत्रं गरगरत होती. पारा चप्पल घालून बाहेर पडली.

इस्पितळात ड्रायव्हर झोपला होता. डोक्याला नऊ टाके, खुब्याचं हाड मोडलेलं, छातीत पाणी गेल्यामुळे ताप. नाकाला नळी. त्याची बायको लोखंडी खुर्चीत बसून त्याची बोटं चोळत होती. पाराला पाहून तिने बोटं सोडली.

"तुम्ही कुठे होता?" बाई म्हणाली. "मी चार हाका मारल्या. चार."

"फोटो काढत होते."

"फोटो."

"मला जायला नको होतं. पाणी बेचाळीसवर होतं, तेही नको होतं. दादांनी गोळ्यांचं सांगितलं होतं, तरी त्यांना आत सोडलं. सोडणारी माझी मुलगी." बोलता बोलता पाराला जाणवलं की आपण श्वास न घेता बोलतोय. "तिथे आता कागद तयार आहे. त्यात लिहिलंय की दादांनी ऐकलं नाही, दादा उद्धट बोलले."

बाई फणकारली. "उद्धट? हा माणूस? तीस वर्षांत एका प्रवाशाला अरे म्हणाला नाही." मग ती एकदम उठली. "माफी मागायला आला असाल तर जा. तुमच्या माफीने हाड जुळणार आहे का? गुडघे बरे करायला आणलं होतं मी त्यांना. गुडघे!"

"माफी मागायला नाही आले. मागितली तरी तुम्ही का द्यावी?"

"मग कशाला आलात?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून."

बाईने पर्स उघडली, मुलांच्या पत्त्यांची वही काढली आणि मागची कोरी पानं फाडून समोर धरली. "माहीत असून माझा काय उपयोग? लिहून द्या."

पाराने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं, पण एकही गोष्ट गाळली नाही. घड्याळ कधी उतरलं, बेचाळीसचा हुकूम कुठल्या महिन्यात आला, कोण काय म्हणालं. चौकोनाच्या ओळीपाशी मात्र पेन अडलं. मग तिने लिहिलं, 'खूण माझ्या मुलीने केली, साहेबांच्या सांगण्यावरून.' खाली आपलं पगाराच्या कागदावरचं नाव पूर्ण घातलं. मग ती चार पानं तिने पुन्हा एकदा उतरवली, एक प्रत बाईला, एक स्वतःकडे.

परत येताना ती स्नानगृहावरून गेली. काचेच्या दारामागे मोठ्या पडद्यावर नवी जाहिरात लागली होती. तीच. घडा, मॉडेल, आणि डोळ्यांनी हसणारी पारा. खाली अक्षरं होती, 'जुन्या हातांची माया'. ज्या क्षणी हे हसू टिपलं त्या क्षणी भिंतीपलीकडे माणूस गुदमरत होता. पारा तिथून सरळ आरोग्य निरीक्षकाच्या कार्यालयात गेली. बंद व्हायला अर्धा तास होता. कारकून म्हणाला, सोमवारी या. ती म्हणाली, "मी इथेच बसते. तुम्ही कुलूप लावा." त्याने कागद घेतला.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. तोवर पाराला कामावरून काढलं होतं, आणि लेक त्याच जाकिटात रोज काउंटरवर जात होती. घरात दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. दूध आणलंय. चावी खिडकीत आहे. लेक चौकशीत काय बोलणार, हे पाराने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

निरीक्षकाच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला कंपनीचा वकील आणि गुलाबपाणी, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरची बायको आणि पारा, मध्ये एक रिकामी खुर्ची. वकील म्हणाला की ही बाई आकसाने बोलतेय, तिच्या रागीटपणाच्या तक्रारी फाइलमध्ये आहेत.

"रागीट आहेच मी," पारा म्हणाली. "राग खरा असला म्हणून पाणी कमी तापलेलं होतं का?"

मग लेकीला आत बोलावलं. ती रिकाम्या खुर्चीत बसली. गुलाबपाणी तिच्याकडे पाहून मायेने हसला.

"चौकोनात खूण कुणी केली?" निरीक्षकांनी विचारलं.

लेकीने आधी आईकडे पाहिलं. त्या नजरेत प्रेमबिम काही नव्हतं, चक्क राग होता. मग तिने मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"मी केली. त्यांनी गोळ्यांचं सांगितल्यावरही केली. हा साहेबांचा मेसेज, तारीख वर आहे. वाचून दाखवू? 'वयस्कर पाहुण्यांची खूण तूच करत जा, प्रश्न विचारत बसू नकोस.' आणि हा दुसरा, अपघातानंतरचा. आईच्या नावचा कागद कसा लिहायचा त्याचा."

गुलाबपाण्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याला ते काढून ठेवायला जागा मिळेना.

बाहेर जिन्यावर पाराने लेकीच्या खांद्याला हात लावला. लेकीने तो झटकला.

"तुझ्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. "त्या बाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणून केलं. मला शिव्या दिल्या असत्या तर गप्प बसले असते कदाचित."

पुढे झालं ते असं. स्नानगृह चार महिने बंद ठेवलं, कंपनीला दंड झाला. पाणी अडतीसच्या वर न्यायचं नाही आणि दारात परिचारिका हवी, असा लेखी आदेश निघाला. गुलाबपाण्याला मात्र कंपनीने हाकललं नाही. दुसऱ्या डोंगरातल्या दुसऱ्या झऱ्यावर पाठवलं, आणि म्हणे वरच्या जागेवर. ही बातमी कपडे धुणाऱ्या बायकांनी आणली तेव्हा पाराने पत्ता विचारून घेतला. मग तिने त्या भागातल्या आरोग्य निरीक्षकाला आपल्या चार पानांची प्रत रजिस्टर पोस्टाने धाडली. महिन्याने पोच आली, उत्तर आलं नाही. तिने दुसरी प्रत धाडली.

ड्रायव्हर वॉकर धरून घरातल्या घरात चालतो. खाली रस्त्यावर तो अजून उतरलेला नाही. त्याच्या बायकोने पाराला माफ केलं नाही, तसं तिने फोनवर स्पष्ट सांगितलंही. पण फोन तीच करते, कंपनीवर भरलेल्या खटल्याची तारीख कळवायला. पारा दर तारखेला जाते.

लेकीला सात महिन्यांनी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर काम मिळालं. तिथे रोग्याला आधीचे आजार विचारून कागदावर लिहावे लागतात. पहिल्या दिवशी ती घरी आली ती तणतणतच.

"एकेकाला पंधरा प्रश्न विचारते मी. लोक वैतागतात. डॉक्टर पण म्हणाले, जरा आटपा."

"मग?"

"मग काय? म्हटलं, वैतागा. मी विचारणार."

पारा त्या वेळी शेगडीपाशी उभी होती. ती वळली नाही. "दमली असशील," एवढंच म्हणाली, आणि लेकीचं ताट वाढायला घेतलं.